एका आकड्याची गोष्ट

एआरटी केंद्राला रक्ततपासणीचे अहवाल देणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलं. एकदा एक गृहस्थ दोन कागद घेऊन खिडकीशी आले. जुन्या कागदावर सीडी-फोर पेशींची संख्या ४१२ होती, नव्यावर ३५०. "ताई, सहा महिन्यांत बासष्ट कमी झाल्या. म्हणजे आता किती दिवस उरले?" त्यांनी विचारलं. गोळ्या एकही दिवस चुकल्या नव्हत्या, फक्त आठवडाभर तापात काढून ते नुकतेच उठले होते. एका आकड्याने माणूस इतका का हादरावा? या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्याच्या इतिहासात आहे.

सुरुवात १९८१ची. जून महिन्यात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची बातमी अमेरिकेच्या सरकारी साप्ताहिकात छापून आली. डिसेंबरमध्ये डॉ. मायकेल गॉटलीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. अशा रुग्णांच्या रक्तात 'मदतनीस' टी-पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. या पेशी स्वतः लढण्यापेक्षा इतर पेशींना लढायला लावतात. सेनापतीच पडला, तर फौज असून उपयोग काय?

पण सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या लिम्फोसाइट सारख्याच दिसतात. मग मदतनीस ओळखायच्या कशा? त्याची किल्ली थोडी आधी, १९७५मध्ये, हाती आली होती. केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी पेशीवरची नेमकी एकच खूण ओळखणारी प्रतिपिंडं तयार करण्याची रीत शोधली. या प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडायचा, रक्त त्यात मिसळायचं आणि लेसरच्या झोतासमोरून एकेक पेशी सोडून मोजायची. १९८२मध्ये पॅरिसच्या बैठकीत या खुणांना क्रमांक द्यायची पद्धत ठरली आणि मदतनीस पेशींच्या खुणेला 'सीडी-फोर' नाव मिळालं. १९८४मध्ये कळलं, की एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरतो तो याच खुणेला धरून.

मग या आकड्याचं वजन वाढत गेलं. निरोगी माणसात एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-फोर पेशी असतात. १९९३पासून अमेरिकेत ही संख्या २००च्या खाली गेली, की कोणताही आजार नसला तरी 'एड्स' असा शिक्का बसू लागला. म्हणजे निदान लक्षणांवरून कागदावर आलं.

आकड्यावर किती विसंबायचं, याचा पहिला धडा लगेच मिळाला. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये १७४९ जणांवर झालेल्या 'कॉन्कॉर्ड' चाचणीचे निष्कर्ष १९९४मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. एझेडटी हे एकच औषध लवकर सुरू केलेल्यांच्या सीडी-फोर पेशी जास्त राहिल्या, पण तीन वर्षांनी पाहता त्यांचं आयुष्य काही वाढलं नव्हतं. आकडा सुधारला, माणूस नाही. १९९६च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला, तेव्हा कुठे दोन्ही सोबत सुधारू लागले. त्याच सुमारास रक्तातले विषाणू मोजणारी 'व्हायरल लोड' तपासणीही वापरात आली. सीडी-फोर सांगते प्रतिकारशक्ती किती शिल्लक आहे ते, आणि व्हायरल लोड सांगते औषध काम करतं आहे की नाही ते.

भारतात १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधं मिळू लागली. तेव्हा लक्षणं तीव्र नसलेल्यांसाठी २०० ही उंबरठ्याची रेघ होती. २१० आलेल्या माणसाला 'अजून थांबा' असं सांगितलं जायचं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही रेघ २०१०मध्ये ३५०वर आणि २०१३मध्ये ५००वर नेली. २०१५मध्ये 'स्टार्ट' चाचणीत ४६८५ जणांवर दिसलं, की ५००च्या वर असतानाच उपचार सुरू केले तर गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून अधिक टळतात. त्याच वर्षी रेघ पुसली गेली. भारतानेही २०१७मध्ये संसर्ग आढळलेल्या प्रत्येकाला औषध देण्याचं धोरण स्वीकारलं.

आकडा चांगला आला म्हणून गोळ्या बंद करण्याचा मोहही इतिहासाने तपासून पाहिला आहे. 'स्मार्ट' चाचणीत ५४७२ जणांपैकी एका गटाची औषधं ३५०च्या वर थांबवली आणि २५०च्या खाली गेल्यावर पुन्हा दिली. या गटात आजार आणि मृत्यू दुपटीहून अधिक आढळले. २००६मध्ये ही चाचणी मध्येच थांबवावी लागली.

आता त्या गृहस्थांच्या बासष्ट पेशींकडे येऊ. सीडी-फोर सकाळी कमी असते, संध्याकाळी वाढते. साध्या तापाने, क्षयाने, स्टेरॉइडने ती खाली येते. एकाच माणसात सुमारे तीस टक्क्यांपर्यंतचा चढउतार नेहमीचा समजतात. ४१२ वरून ३५० ही घट पंधरा टक्क्यांची. म्हणून शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एकाच वेळी रक्त द्यावं आणि एका अहवालाकडे न बघता ओळीने तीन-चार अहवाल पाहावेत. अहवालात टक्केवारीही असते. ती अधिक स्थिर असते. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर तिच्यावरच भर देतात, कारण त्यांच्या पेशींची संख्या मुळातच जास्त असते.

तपासणी निरुपयोगी झाली, असं मात्र नव्हे. २००च्या खालच्या माणसाला न्यूमोनिया, क्षय, मेंदूज्वर यांचा धोका मोठा असतो. त्याला प्रतिबंधक औषध लागतं आणि ते या आकड्याशिवाय कळत नाही.

त्या गृहस्थांना मी डॉक्टरांकडे पाठवलं. पुढच्या तपासणीत आकडा ४०५ आला. कागद हातात घेऊन ते म्हणाले, "ताई, मधले महिने मी उगाचच मरत होतो." अहवाल देताना आकड्यासोबत त्याचा अर्थही द्यायला हवा, हे मी त्या दिवशी शिकले.