बर्फ कुणीकडे लोटायचा?

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हर्माँट आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत एकोणिसाव्या शतकात कुणी रस्त्यावरचा बर्फ खरवडून काढला असता, तर गावाने त्याला धारेवर धरले असते. थंडी पडली की तिथले शेतकरी चाकांच्या गाड्या आत ठेवत आणि घसरगाड्या बाहेर काढत. घसरगाडीला लागतो घट्ट दाबलेला, सपाट बर्फ. त्यासाठी गावोगावी माणसाच्या उंचीचे लाकडी रूळ असत. बर्फ पडून गेला की घोडे जुंपून हे रूळ रस्त्यावरून फिरवले जात. त्या भागातल्या लाकडी पुलांवर छप्पर असे, त्यामुळे पुलाच्या आत बर्फ पडत नसे आणि घसरगाडी तिथे अडे. मग गावातली माणसे फावड्यांनी बाहेरचा बर्फ आणून पुलाच्या फळ्यांवर पसरत.

रस्त्याला बर्फ बाजूला लोटणाऱ्या नांगराची गरज नव्हती. ती आधी लागली रेल्वेला, कारण रुळांवरचे चाक बर्फावरून घसरत नेता येत नाही.

१८६६-६७ च्या हिवाळ्यात सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे काम कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात, डोनर खिंडीच्या परिसरात चालू होते. बर्फाचे ढीग घरांएवढे होत. कंपनीने इंजिनापुढे ढकलण्यासाठी प्रचंड पाचरी बांधल्या. समोर टोकदार, मागे रुंद होत गेलेली आणि दोन्ही बाजूंना उतरती अशी ही पाचर. तिच्यामागे एकामागून एक इंजिने जोडून भरधाव वेगाने ती बर्फात घुसवली जाई. काही वेळा बर्फ फाटे, काही वेळा सगळी रांगच रुतून बसे. अखेर कंपनीने बर्फ हटवण्याचा नाद बराचसा सोडला आणि सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या रुळांवर लाकडी छपरे घातली. पण पाचर टिकली. आज पिकअप ट्रकच्या पुढे दिसणाऱ्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या पात्याचे हे घराणे.

पाचरीचा आकार सुचायला यंत्रशास्त्र लागत नाही. नॉर्वे-स्वीडनमधल्या शेतकऱ्यांचे घोड्याने ओढायचे बर्फाचे नांगरही दोन फळ्या टोकाशी जोडून केलेले, त्रिकोणीच असत. कारण साधे आहे. तिरक्या फळीने बर्फ उजवीकडे ढकलला, की बर्फही तेवढ्याच जोराने फळीला डावीकडे ढकलतो. घोड्याने ओढलेल्या हलक्या सांगाड्याला हा धक्का सोसत नाही. तो रस्ता सोडून कडेला जातो. दोन फळ्या समोरासमोर जोडल्या की डावा धक्का आणि उजवा धक्का एकमेकांना खातात आणि नांगर सरळ चालतो. रेल्वेच्या पाचरीलाही हाच फायदा मिळाला.

अडचण आली ती रूळ दुहेरी झाल्यावर. एकेरी मार्गावर पाचर बर्फ दोन्हीकडे फेकते आणि कुणाचे काही बिघडत नाही. दोन मार्ग शेजारी असले, की डावीकडे फेकलेला बर्फ नेमका शेजारच्या रुळांवर पडतो. एक वाट मोकळी करताना दुसरी बुजते. पेनसिल्व्हेनियातील रिजवे गावची रसेल कंपनी रेल्वेच्या बर्फनांगरांसाठी नावाजलेली होती. तिने दोन वेगळे नमुने बनवले. एकेरी मार्गासाठी दोन्हीकडे फेकणारा आणि दुहेरी मार्गासाठी सगळा बर्फ एकाच, बाहेरच्या बाजूला लोटणारा. आज ट्रकवाला पाचर आणि सरळ पाते अशा ज्या दोन पात्यांत अडकतो, त्यांची फारकत इथे झालेली दिसते. प्रश्न तेव्हाही बर्फ कापण्याचा नव्हता. कापलेला बर्फ कुणीकडे लोटायचा, हा होता.

मराठी वाचकाला ही फारकत ओळखीची वाटेल. आपला जुना लाकडी नांगर माती फाडतो. फाळाच्या दोन्ही अंगांना माती पडते आणि मधे तास उरते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात जो लोखंडी नांगर तयार केला, त्याचा वळणदार पत्रा मातीला एकाच बाजूला उचलून पालथी घालतो. पहिल्या नांगरात बर्फाच्या पाचरीची रीत आहे, दुसऱ्यात तिरक्या सरळ पात्याची. इंग्रजीत बर्फाच्या अवजाराला नांगराचेच नाव मिळाले आणि सरळ पात्याच्या वळणदार पत्र्याला आजही शेतातल्या नांगराच्या त्याच भागाचे नाव आहे. पात्याला वळण असते तेही त्याच कामासाठी: बर्फ पत्र्यावर चढतो, पुढे गुंडाळला जातो आणि गुंडाळत गुंडाळत कडेला सरकतो. पाते सपाट असते तर बर्फ वरून गाडीवर आला असता.

शहरांनी नांगर स्वीकारला तो कुरकुरत. मिल्वॉकी शहरात १८६२ मध्ये घोड्यांचा बर्फनांगर चालल्याची नोंद आहे आणि पुढच्या काही वर्षांत तो बऱ्याच शहरांत पोचला. मधला रस्ता मोकळा झाला, पण दोन्ही कडांना बर्फाचे वरंबे उभे राहिले. दुकानांची दारे बुजली, पायी चालणाऱ्यांची वाट गेली, गल्ल्यांची तोंडे बंद झाली. घसरगाडीवाल्यांची तक्रार वेगळीच: रस्ता खरवडल्यामुळे त्यांच्या गाड्या अडू लागल्या. शेवटी शहरांना बर्फ घोडागाड्यांत भरून नदीत नेऊन टाकण्यासाठी माणसे लावावी लागली. मार्च १८८८ च्या हिमवादळात न्यूयॉर्कसह सगळा ईशान्य किनारा ठप्प झाला, ४०० हून अधिक माणसे दगावली आणि बर्फ हटवणे हे नगरपालिकेचे रीतसर काम आहे हे तिथे कायमचे ठरले.

मग आला ट्रक. १९१७-१८ च्या हिवाळ्यात, पहिल्या महायुद्धासाठी लष्करी ट्रकांचे तांडे मध्य-पश्चिमेतल्या कारखान्यांकडून अटलांटिकच्या बंदरांकडे स्वतःच्या चाकांवर निघाले. त्यांच्यासाठी पेनसिल्व्हेनियाच्या महामार्ग खात्याने डोंगरातला लिंकन महामार्ग हिवाळाभर चालू ठेवला. मोटारीचा रस्ता बाराही महिने उघडा राहू शकतो, हे लोकांनी पाहिले. १९२० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील क्लेटन गावच्या कार्ल फ्रिंक यांचे ट्रकला लावायचे नांगर गाजले. त्यांतले अनेक पाचरीच्याच घडणीचे होते. नॉर्वेत हान्स आणि एव्हन ओव्हरोसेन या भावांनी १९२३ मध्ये मोटारीला जोडायचा नांगर बनवला. नॉर्वेजियन किंवा अमेरिकन, कुठल्याही खेड्यातल्या रस्त्याला दोन्ही बाजूंना मोकळे रान असते. तिथे पाचर शोभते.

शहरात मात्र ट्रकने सरळ पाते उचलले. भरलेल्या ट्रकचे वजन आणि रबरी टायरची पकड यांमुळे बाजूचा धक्का सोसणे आता शक्य होते. घोड्याला न जमलेली गोष्ट इंजिनाला जमली. पाते ३० अंशांच्या आसपास तिरके लावले, की सगळा बर्फ उजव्या कडेला जाई आणि समोरून येणाऱ्याची बाजू साफ राही. सुरुवातीच्या अनेक नांगरांवर हा कोन बदलायचा, तर चालकाला गारठ्यात खाली उतरून खिट्टी काढावी लागे, पाते हाताने फिरवावे लागे आणि खिट्टी पुन्हा घालावी लागे. हायड्रॉलिक दट्टे आले आणि हे काम गाडीच्या आतल्या एका दांड्यावर आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर नांगर लहान गाडीवर उतरला. १९४५ मध्ये विलिसने बाजारात आणलेली नागरी जीप शेतीची अवजारे चालवणारी गाडी म्हणून विकली गेली आणि तिच्यापुढे बर्फाचे पाते लावणे ही सोपी पायरी होती. क्लीव्हलंडची मायर ही कंपनी १९२६ पासून या धंद्यात होती. मेन राज्यातील रॉकलंड गावात फिशर कंपनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. या पिढीने आणखी एक जुनी जखम भरून काढली. बर्फाखाली लपलेल्या गटाराच्या झाकणाला किंवा दगडाला पाते धडकले, तर धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला आणि चालकाच्या छातीला बसे. त्यावर स्प्रिंगा आल्या. काही बनावटींत धडकेसरशी आख्खे पाते पुढे झुकते आणि मग सावरते. काहींत फक्त खालची कड मागे मुडपते आणि वरचा पत्रा बर्फ धरून तसाच उभा राहतो. फिशरचे नाव या दुसऱ्या रीतीशी जोडले गेले.

या काळात पाचर खेड्यातल्या मोठ्या ट्रकांपुरती उरली होती. तिचा दोष उघड होता: ती फक्त फाडू शकते. बर्फ गोळा करून एका कोपऱ्यात नेणे तिला जमत नाही आणि वाहनतळावर नेमके तेच हवे असते. तिला नवे आयुष्य मिळाले एका बिजागरीमुळे. पाते मधोमध दुभागून दोन्ही पंखांना स्वतंत्र दट्टे दिले, की एकाच अवजारात चार आकार सामावतात. दोन्ही पंख मागे ओढले की पाचर. दोन्ही पुढे घेतले की ओंजळ. बर्फ मधे धरून दूरवर नेता येतो. दोन्ही एका रेषेत आणले की सरळ पाते. एक पुढे, एक मागे केले की तिरके पाते. मिशिगनमधील आयर्न माउंटन गावात १९८० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेल्या बॉस कंपनीने पिकअपसाठीच्या या बिजागरीच्या नांगरावर आपले नाव कमावले. २०१४ मध्ये ती टोरो कंपनीने विकत घेतली.

मग सगळ्यांनी बिजागरीचेच पाते का घेऊ नये? उत्तर वजनात आहे. पाती एकाऐवजी दोन, दट्टे जास्त, नळ्या जास्त, बिजागरीचा खिळा वेगळा. त्याच रुंदीच्या सरळ पात्यापेक्षा बिजागरीचे पाते बरेच जड भरते आणि हा सगळा भार पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतो. पुढच्या आसाला किती भार सोसतो, हा आकडा गाडीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. हलक्या पिकअपमध्ये तो आकडाच निर्णय देऊन टाकतो. जड गाडीतही मागे वाळूची पोती किंवा वजने ठेवून तोल साधावा लागतो. शिवाय पहाटे तीन वाजता, उणे तापमानात, नळी फुटली की काम थांबते. जितके सांधे कमी, तितक्या फुटायच्या जागा कमी.

पात्याची रुंदीही भूल घालते. २.३ मीटरचे पाते ३० अंशांत तिरके केले, की समोरची वाट जेमतेम २ मीटर मोकळी होते आणि मोठ्या पिकअपची रुंदीही जवळपास तेवढीच असते. अशा वेळी गाडीचे चाक स्वतःच केलेल्या वरंब्यावर चढते, बर्फ दाबला जातो आणि दाबलेला बर्फ पुढच्या फेरीत पाते सोडवू शकत नाही. २.४ मीटरचे पाते घेतले तर ३० अंशांतही २.१ मीटर वाट मिळते. जाणता चालक पाते गाडीवर असताना मापतो, तिरके करून.

कामाचे ओझे मात्र बर्फाच्या जातीवर ठरते. नुकत्याच पडलेल्या कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला सुमारे १०० किलो धरले, तर १,००० चौरस मीटरच्या वाहनतळावर २० सेंटिमीटर थर म्हणजे २० टन. वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फ याच्या तिप्पट-चौपट जड असू शकतो. सरोवरांच्या काठच्या बफेलो शहराच्या दक्षिण भागात नोव्हेंबर २०१४ मध्ये काही दिवसांत दीड मीटरहून अधिक बर्फ पडला होता. अशा भिंतीपुढे सरळ पात्याची गाडी उभी केली, तर पूर्ण रुंदीचा विरोध एकाच वेळी छातीवर येतो आणि टायर जागच्या जागी फिरतात. पाचर मधोमध टोचते, भिंत दुभंगते आणि गाडी पुढे सरकत राहते. म्हणून उघड्या माळावरचे, वाऱ्याच्या तोंडचे लांब रस्ते सांभाळणारे बिजागरीचे पाते घेतात.

याउलट एखाद्या वस्तीत चाळीस घरांसमोरच्या छोट्या वाटा साफ करायच्या असतील, तर सरळ पाते चटकन कोन बदलते आणि हलके असल्यामुळे गाडीही वळते. गॅरेजच्या दाराशी बर्फ पुढे लोटता येत नाही. तिथे पाते दारापाशी टेकवून गाडी मागे घ्यायची आणि बर्फ ओढून आणायचा. या ओढण्यात सरळ पात्याची एकसंध कड पुरेशी ठरते, बिजागरीच्या पात्याला मात्र पंख मागच्या मागे निसटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी जोर लावणारे दट्टे लागतात.

आणि बर्फ टाकायचा कुठे, हा मुद्दा आता कायद्यातही आहे. मिशिगनमध्ये आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात खासगी जागेतला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर लोटणे गुन्हा आहे. म्हणजे दाराशी आलेला वरंबा रस्त्यापलीकडे ढकलून मोकळे होता येत नाही. तो आपल्याच आवारात ठेवावा लागतो. ओंजळीसारख्या आकाराचे मोल इथे कळते, कारण ती बर्फ वाटेत सांडू न देता कोपऱ्यापर्यंत पोचवते. हिमालयात हा प्रश्न डोंगराने सोडवून टाकला आहे. झोजिला खिंडीत सीमा सडक संघटनेचे डोझर आणि स्नो-कटर रस्ता उघडतात, तेव्हा एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी असते. कड्याकडे फेकलेला बर्फ परत रस्त्यावरच येणार.

उत्तर अमेरिकेतले बर्फाचे कंत्राटदार ऑक्टोबरमध्ये, पाते गोदामातून काढण्याच्या आधी, प्रत्येक वाहनतळावर पायी फिरतात. पाण्याची गटारे कुठे आहेत, अपंगांची जागा कोणती, वितळलेले पाणी वाहून कुठे जाईल आणि रात्री पुन्हा कुठे गोठेल, हे बघत ते कडेच्या गवतात नारिंगी काठ्या रोवत जातात. बंपरावर कुठले पाते चढवायचे, ते त्या काठ्या रोवून झाल्यावर ठरते.