इनामाची सनद आणि दानाची पावती



हल्ली दान देताना प्रश्न येतो, "महाराज, ऐंशी-जीची पावती मिळेल ना?" पूर्वी मला तो खटकत असे. पुण्याचा हिशेब कशाला, असे वाटे. पण धर्मादायाला करमाफी ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे.

आमच्या नाशिक-त्र्यंबकच्या मुलखात पेशवाईत देवस्थानांना जमिनी इनाम मिळत आणि त्यांचा सारा माफ असे. त्यावर दिवाबत्ती, नैवेद्य चाले. १८१८ साली इंग्रजी अंमल आला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि सनदांची तपासणी सुरू झाली. पुढे १८६३ च्या कायद्याने खासगी इनामांवर काही आकार बसवला. देवस्थानांची इनामे मात्र कायम ठेवली. आजही सातबाऱ्यावर 'देवस्थान इनाम वर्ग ३' ही नोंद आढळते.

नंतर आयकर आला. १९६१ च्या आयकर कायद्यात १९६८ पासून ८०-जी कलम लागू झाले. जमिनीला मिळणारी माफी आता दात्याच्या उत्पन्नालाही मिळू लागली. जुन्या करपद्धतीत बहुतेक मान्य संस्थांना दिलेल्या दानाची निम्मी रक्कम, ठरलेल्या मर्यादेत, उत्पन्नातून वजा होते. धान्य-कपड्यांच्या दानाला सवलत नाही. दोन हजारांवरच्या रोख दानालाही नाही.

आता हिशेब पाहा. हजार रुपये दिले, पाचशे वजा झाले, कर वीस टक्के असेल तर शंभर रुपये वाचले. म्हणजे तुमच्या हजारातले शंभर सरकारी खजिन्याने दिले. त्या खजिन्यात काडेपेटी घेणाऱ्या मजुराचाही पैसा असतो.

एका सप्ताहात एक गृहस्थ म्हणाले, "पाचशे घ्या, पावती पाच हजारांची करा." पावती लिहिली गेली. मी शेजारी बसून गप्प राहिलो. त्याच रात्री मी दानावर निरूपण केले! श्रोत्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तो मजूर आठवायला हवा होता. तो दोष माझ्याकडे आहे.

म्हणून सांगतो, पावती अवश्य मागा, तीत लाज नाही. पण दिले तेवढ्याचीच घ्या. आणि वारीच्या वाटेवर दिंडीला भाकरी वाढणाऱ्या माउलीला कुठलेच कलम लागू नाही, हेही ध्यानात असू द्या.

रामकृष्ण हरी.