सरकारची वही, फडाचा वग

नीरेच्या पुलावरून गाडी उतरली की पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू होतो आणि शिरवळ लागते. आज औद्योगिक वसाहतीमुळे गावाचा चेहरा पालटला असला, तरी माझ्या लहानपणी शिरवळ हा पुणे-सातारा रस्त्यावरचा चहाचा थांबा होता. दसऱ्यानंतर या थांब्यावर तमाशाचे ट्रक उभे राहत. नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरवून फड दक्षिणेकडे, साताऱ्या-सांगलीच्या यात्रांना निघालेले असत. कनाती, खांब, पेटारे आणि त्यावर पाय पोटाशी घेऊन झोपलेली माणसे. आम्ही पोरे लांबून सोंगाड्या कोण असेल याचा अंदाज बांधत असू.

पुष्कळ वर्षांनी त्याच रस्त्यावर एका फडाच्या म्हाताऱ्या व्यवस्थापकाशी बोलण्याचा योग आला. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत वगाच्या दोन-तीन जाड वह्या होत्या. त्यावर शिक्के होते, तारखा होत्या, कुठे कुठे लाल रेघाही होत्या. मी उत्साहाने विचारले, "तालमीला हीच वही वापरता का?" ते हसले. म्हणाले, "ही वही सरकारची. वग आमच्या तोंडात असतो."

मनोरंजनाच्या कायद्याचा इतिहास वाचताना हे वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवत राहिले. कायद्याला कागद लागतो आणि तमाशा तोंडपाठ चालतो. दीडशे वर्षांत या दोघांची गाठ कशी पडत गेली, आणि त्यात कलावंताच्या हाती काय लागले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात सांगलीपासून करू. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्या नाटकात पदे बांधलेली होती आणि ती सूत्रधार म्हणे, पण पात्रांची भाषणे लिहून दिलेली नसत. कथा ठाऊक, प्रसंग ठाऊक, आता बोला, असा तो प्रकार होता. तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमा-बाबाजींच्या फडाने १८६५ मध्ये उभा केलेला 'मोहना बटाव' हा पहिला वग मानला जातो. त्याचीही रीत तीच. म्हणजे ज्या मुलखात मराठी नाटक आणि वग दोन्ही जन्मले, तिथे संहितेवाचून प्रयोग करणे हीच मुळात वहिवाट होती.

ब्रिटिश सरकारने नाटकाचा कायदा आणला तो १८७६ मध्ये. निमित्त बंगालचे होते. 'नीलदर्पण'सारख्या नाटकांनी निळीच्या मळेवाल्यांची अब्रू वेशीवर टांगली होती आणि पुढे कलकत्त्यात युवराजांच्या दौऱ्याशी संबंधित एका प्रहसनाने सरकार चिडले होते. या 'नाट्यप्रयोग कायद्या'ने सरकारला बदनामीकारक, राजद्रोही किंवा नीतिभ्रष्ट करणारा प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार दिला. त्याशिवाय एखाद्या भागासाठी हुकूम काढून, प्रयोगाच्या निदान तीन दिवस आधी नाटकाची प्रत मागवता येईल अशीही सोय केली. प्रत अर्थात जेवढे लिहिलेले असेल तेवढ्याची. नाटक मूकाभिनयाचे असेल, तर त्याचा आशय सांगणारा मजकूर पुरेसा.

याच कायद्याचे बारावे कलम माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. जत्रा आणि धार्मिक उत्सवांतले तत्सम खेळ यांना हा कायदा लागू नाही, असे ते सांगते. हा 'जत्रा' शब्द बंगाली अर्थाचा, तिकडच्या लोकनाट्याला उद्देशून आलेला. आपल्याकडे त्याचा अर्थ देवाची यात्रा. पण दोन्ही अर्थांनी पाहिले, तरी खंडोबाच्या किंवा काळूबाईच्या यात्रेत उभा राहणारा खेळ या सुटीच्या फार जवळ येतो. साहेबाला तमाशाचे प्रेम होते म्हणून ही सूट मिळाली असे नव्हे. देवाधर्माच्या भानगडीत पडायचे नाही हे १८५७ नंतरचे धोरण होते. शिवाय जे लिहिलेलेच नाही ते तपासायचे कसे, हाही प्रश्न होताच.

या कायद्याचा फटका कोणाला बसला? कागदावर नाटक लिहिणाऱ्याला. तेही सांगलीचेच, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत पारतंत्र्यातली मातृभूमी, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. महाभारतातली कथा होती, एकही इंग्रज पात्र नव्हते. तरी छापील मजकूर हाती होता, त्याचे भाषांतर करता येत होते, कोणते वाक्य कोणाला उद्देशून आहे ते दाखवता येत होते. त्याच काळात एखाद्या सोंगाड्याने बतावणीत फौजदाराची टोपी उडवली असेल, तर ती सकाळी हवेत विरून गेलेली असे. भोर, औंध, फलटण, सांगली, जत अशा संस्थानांच्या तुकड्यांनी हा मुलूख विणलेला होता. खालसा मुलखातला कायदा तिथे आपोआप चालत नसे. एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाणाऱ्या फडाला पकडणे त्यामुळे आणखी अवघड होते.

तमाशावर खरी टाच आली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी घालण्यात आली. कलावंतांनी दाद मागितली, बंदी उठली, पण सुधारणेची आणि तपासणीची अट मागे राहिली. याच सुमारास वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनाही सरकारी रोषाला तोंड द्यावे लागले. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लालबावटा कलापथक उभे केले होते. अण्णा भाऊंनी तमाशाच्या ढाच्यात कामगारांचे प्रश्न भरले आणि 'लोकनाट्य' हे नाव रूढ केले. नाव बदलले, गण आणि बतावणी तीच राहिली.

त्यानंतर आला १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा. त्याच्या ३३ व्या कलमात सार्वजनिक करमणुकीच्या प्रयोगांना परवाने देण्याची आणि त्यांच्या पूर्वतपासणीची तरतूद आहे. गायन, नृत्य, नाट्य अशी यादी देऊन पुढे स्पष्ट म्हटले आहे : मेळे आणि तमाशे धरून. १८७६ च्या कायद्याने ज्या खेळाला नाव न घेता सोडले होते, त्याला स्वतंत्र भारताच्या कायद्याने नाव घेऊन आत ओढले. १९५४ मध्ये रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ स्थापन झाले आणि शिक्क्याची वही फडाच्या पेटीत येऊन पडली.

इथे एका बाजूनेच बोलणे बरे नाही. परवाना हातात असला की गावगुंडांना आणि फुकट्यांना तोंड देता येते, पोलिसांकडे बंदोबस्त मागता येतो, हे अनेक फडमालक मान्य करतात. पण 'शालीनते'चे माप कोणाला लावले गेले, तेही पाहिले पाहिजे. फडावर नाचणाऱ्या आणि गाणाऱ्या बहुतेक स्त्रिया महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या. त्यांच्या अदेवर बोट ठेवणाऱ्यांच्या मनात कलेबद्दल किती आणि जातीबद्दल किती होते, हे वेगळे काढणे कठीण आहे.

आणि तपासणी म्हणजे तरी काय? वगाची गोष्ट लिहून देता येते. बतावणी कशी लिहिणार? ती त्या गावच्या त्या रात्रीची असते. मिरज तालुक्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला' वगात हवालदार रंगवले आणि त्या भूमिकांची नावेच त्यांना आयुष्यभर चिकटली. पोलीस कायद्याखाली परवाना घ्यायचा आणि रंगमंचावर पोलिसाचीच फजिती करायची, ही किमया कुठल्याही वहीत मावणारी नव्हती. लिहून दिलेले एक आणि बोललेले दुसरे, असा गुन्हा तमाशा रोज रात्री करत होता. तो खपवून घेतला गेला, ही कायद्याची नव्हे, माणसांची मेहरबानी.

हक्क म्हणून भांडण्याची ताकद शहरी नाटकात होती. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'चा प्रयोग अडवला गेला, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. असे लढायला वकील लागतो, पैसा लागतो आणि थांबण्याची ऐपत लागते. दसरा ते बुद्ध पौर्णिमा एवढ्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या फडाला दोन यात्रा बुडाल्या तरी सावकाराचे दार दिसते.

इथवरचा इतिहास मनाईचा झाला. पण माझा दुसरा प्रश्न मालकीचा आहे. कागद नसलेल्या कलावंताला कायद्याने अडवले. मग त्याचे संरक्षण तरी केले का?

छापील पुस्तकांना १८४७ पासून लेखाधिकाराचा कायदा होता. १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे नोंद केल्याची ओळ जुन्या मराठी पुस्तकांवर आपण पाहतो. शाहिराकडे ती ओळ नव्हती. त्याच्याकडे होती छाप. लावणीच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायचे, म्हणजे कोणीही, कुठेही गायली, तरी कर्त्याचे नाव घेतल्यावाचून लावणी पुरी होऊ नये. कर्त्याचे श्रेय राखण्याची ही देशी युक्ती होती. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्यांनी, म्हणजे पठ्ठे बापूरावांनी, अशा असंख्य लावण्यांवर आपली छाप उमटवली. ब्राह्मण घर सोडून ते तमाशात आले, पवळाबरोबर त्यांचा फड गाजला, आणि १९४५ मध्ये हलाखीत त्यांचा अंत झाला. छापेने नाव टिकले, पण घरात पैसा आला नाही. आजच्या हिशेबाने, कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा नियम धरला, तर त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना २००५ अखेर सर्वांसाठी खुल्या झाल्या.

१९५७ च्या कायद्यातही कागदाचा आग्रह होताच. 'सांगीतिक कृती' म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांनी उतरवलेली स्वररचना, अशी त्याची व्याख्या होती. ढोलकीवाल्याच्या बोटांत आणि गायिकेच्या गळ्यात असलेली चाल या व्याख्येत बसत नव्हती. लेखनाची ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. नटाची गतही वेगळी नव्हती. चित्रपटातल्या आपल्या अभिनयावर नटाला लेखाधिकार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने देव आनंद यांच्या प्रकरणात १९७८ च्या सुमारास सांगितले. देव आनंदांना जे मिळाले नाही ते सोंगाड्याला कोण देणार?

१९९४ च्या त्याच दुरुस्तीने पहिल्यांदा 'प्रयोगकर्त्याचा हक्क' आणला. त्याची व्याख्या वाचून मी थक्क झालो. नट, गायक, वादक, नर्तक, यांच्या जोडीला कसरती करणारा, जादूगार, चक्क गारुडीसुद्धा! जत्रेतली सगळी मंडळी एका ओळीत. या हक्काची मुदत आधी पंचवीस आणि १९९९ पासून पन्नास वर्षांची आहे. २०१२ मध्ये त्यात श्रेयाचा आणि मानधनातल्या वाट्याचा भाग आला. प्रयोगाचे चित्रीकरण करायचे, ते प्रसारित करायचे किंवा त्याच्या प्रती विकायच्या, तर आधी कलावंताची संमती हवी. खासगी वापर, अध्यापन, बातमी अशा मोजक्या सवलती वगळता हा हक्क त्याचा आहे, आणि त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही.

आता आजच्या कनातीत डोकावू. पहिली लावणी सुरू होताच शेकडो मोबाइल वर होतात. सकाळपर्यंत ती लावणी दुसऱ्याच कोणाच्या नावाच्या वाहिनीवर असते आणि जाहिरातीचे पैसे त्याच्या खात्यात जातात. हक्क आहे, पण तो विकताना करार लेखी आणि सहीचा लागतो, हे फडावर फारसे कोणाला ठाऊक नाही. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचेच धरले जाते, हेही नाही. दुसरीकडे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंगा बंद केला. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. गावातल्या आजाऱ्याला झोप हवी, हे खरे. पण पहाटेपर्यंत चालणारा वग दोन तासांत उरकायचा, तर पहिली कात्री बतावणीवर चालते. जे काम लाल रेघेला जमले नाही, ते घड्याळाने केले.

१८७६ चा कायदा २०१८ च्या सुरुवातीला अखेर रद्द झाला. पूर्वतपासणीची राज्याची व्यवस्था मात्र त्या कायद्यावर उभी नव्हती, त्यामुळे फडाची वही काही सुटली नाही.

त्या वहीकडे मात्र मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. वगाची पूर्ण संहिता, कर्त्याचे नाव, तारीख, सरकारी शिक्का. अमुक दिवशी हा वग अमक्याच्या नावावर अस्तित्वात होता, याचा याहून चांगला पुरावा कोणता? उद्या एखाद्या चित्रपटात वगाचे कथानक जसेच्या तसे उचलले गेले, तर फडाच्या वारसाला न्यायालयात दाखवायला हाच कागद उपयोगी पडेल. अडवण्यासाठी मागितलेला कागद मालकी सांगायला उभा राहील.

त्या व्यवस्थापकांना मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वह्या एकेक करून पुसल्या, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि पेटीच्या तळाशी ठेवल्या. आधी त्या वरच, तंबाखूच्या डब्याशेजारी पडलेल्या असत. ट्रक सुरू झाला होता. पुढचा मुक्काम पुसेगावला होता.