बंद घराची ओल

श्रावणात पेण-रोह्याकडच्या कोणत्याही गावात फेरी मारा, कुलूप लावलेले एखादे घर दिसल्यावाचून राहणार नाही. दार फुगलेले, जोत्यावर शेवाळ, आणि फटीला नाक लावले तर कुबट वास. घर जुने झाले म्हणून असे होते असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. शंभर वर्षांची घरे माणसे राहती असली तर खडखडीत असतात.

आपल्याकडचे घर कोरडे राहत असे ते भिंतीपेक्षा चुलीमुळे. जुने घर म्हणजे काय? दगडी जोते, कारवीचा शेण-मातीने लिंपलेला कूड आणि वर गवताचे किंवा पेंढ्याचे छप्पर. धुराला वाट ठेवलेली नसे. धूर माळ्यावरून, वाशांतून, छपरातून झिरपत बाहेर जाई. परक्याला हा अडाणीपणा वाटेल. पण त्याच धुराने वासे सुकत आणि कीड दूर राही. शिवाय दरवर्षी मृगाआधी शाकारणी व्हायचीच, म्हणजे वर्षातून एकदा तरी माणूस छपरावर चढे.

मग दोन गोष्टी घडल्या. १८५६ मध्ये मुंबईत पहिली सूतगिरणी चालू झाली आणि पुढे आपल्या कुलाबा जिल्ह्यातले (१९८१ पासून रायगड) पुरुष धरमतरच्या वाटेने मुंबईला जाऊ लागले. सुरुवातीला बायकामुले, म्हातारी माणसे गावीच असत, चूल पेटती राही. पुढे चाळीत खोली मिळाली, बिऱ्हाड गेले, आणि दाराला कुलूप लागले. दुसरी गोष्ट कौलांची. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल कौले हळूहळू कोकणभर पसरली. कौल चांगलेच, त्याबद्दल तक्रार नाही! पण शाकारणीचे कष्ट कमी झाले, तसा घर आपले आपण राहील असा समज झाला. वानराने एक कौल सरकवले की पागोळी आत गळते, रीप कुजते, वासा खचतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत मातीची भिंत बसते.

पाणी वरून येते, जमिनीतून जांभ्यात चढते, हे सर्वांना ठाऊक आहे. तिसरी वाट हवेची, ती विसरली जाते. गुरुजींनी वर्गात दाखवावे: पावसाळ्यात थंड पाण्याचा तांब्या ठेवला की बाहेरून घाम फुटतो. बंद घराची गार भिंत म्हणजे तोच तांब्या. म्हणून भर पावसात नुसत्या खिडक्या उघडून भागत नाही, उलट दमट हवा आत येते. आधी चूल पेटवून घर ऊबदार करावे आणि उघडीप पडली की समोरासमोरची दारे उघडावीत. हल्ली जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. गवंडीदादा रागावतील, पण जांभ्याला आणि मातीला चुन्याचाच गिलावा बरा. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमागे ती कोंडून राहते.

भाद्रपदात गणपतीसाठी चाकरमानी येतात, झाडलोट होते, चूल पेटते. देवाच्या निमित्ताने घराचीही सोय होते खरी, पण तोवर निम्म्याहून अधिक पावसाळा सरलेला असतो.

हा प्रश्न नुसत्या बुरशीचा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, हजारोंची कामे गेली आणि कित्येकांना गाव गाठावे लागले. ज्यांचे घर उभे होते ते निदान आपल्या छपराखाली आले. ज्यांचे बसले होते त्यांना भावबंदांच्या पडवीत दिवस काढावे लागले.

म्हणून मे महिन्यात गावी आलात की कौले चाळून घ्या, पन्हळीतला पाला काढा, भिंतीलगतचे गवत कापा. कपाटे आणि पेट्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. खतपत्रे, सातबारा घरात ठेवू नका. गाद्या, घोंगड्या ऊन दाखवून माळ्यावर टांगा. किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, आठवड्यातून एकदा चूल पेटवायची विनंती करा, त्याबद्दल त्यांना काय द्यायचे ते आधीच ठरवा, आणि चार महिन्यांची सुकी लाकडे ओटीवर नव्हे, चुलीजवळच रचून ठेवा.