गुलाबी रंगातला बग

तरणतलावावर गेलं की नाकात जो भपकारा शिरतो त्याला आपण सगळे 'क्लोरीनचा वास' म्हणतो. वर शेराही मारतो, "आज क्लोरीन जास्त पडलेलं दिसतंय!" खरं तर तो वास बहुतेक वेळा क्लोरामाईनचा असतो. म्हणजे घाम आणि (सॉरी, पण खरंय) लघवी यांच्यातल्या नायट्रोजनला चिकटून बसलेल्या क्लोरीनचा. जंतू मारायच्या कामात ते फारच मंद. काम करतं ते मोकळं क्लोरीन. आता हे दोन वेगवेगळे मोजायचे कसे?

१९१३ साली अमेरिकेत एल्म्स आणि हाउझर यांनी ऑर्थोटोलिडिनची चाचणी मांडली. थेंब टाका, पाणी पिवळं होतं, रंगपट्टीशी ताडून बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरामागच्या अंगणात तलाव आले, तेव्हा घरगुती किटमध्येही हीच बाटली गेली. गोम अशी की मोकळ्या क्लोरीनने रंग झटकन येतो, क्लोरामाईनने सावकाश. लगेच बघितलं तर एक उत्तर, फोन घेऊन परत आलात तर दुसरं. शुद्ध रेस कंडिशन! नळी छान पिवळी दिसतेय म्हणून पोरांना पाण्यात सोडायचं, आणि पाण्यात मोकळं क्लोरीन जेमतेम. पुढे ऑर्थोटोलिडिनमुळेच कॅन्सर होऊ शकतो अशी शंका आली, ते वेगळंच.

१९५७ साली इंग्लंडमधल्या पेलिन नावाच्या पाणीपुरवठ्यातल्या रसायनतज्ज्ञाने डीपीडीची चाचणी मांडली. (रंगीत फिल्म धुवायच्या रसायनांच्या कुळातलंच हे.) मोकळं क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी. मग त्यात पोटॅशियम आयोडाईड टाकायचं, की अडकलेलं क्लोरीनही रंगात येतं. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा, झालं! साधी वजाबाकी, पण तलावाचं पाणी खरंच निरोगी आहे का, हे घरबसल्या कळायला लागलं.

शेजारची लाल थेंबांची नळी पीएचची. ती कल्पना १९०९ सालची, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या सोरेनसेनची. हो, बिअरवालेच ते! ७.५ पीएचला मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं जोमदार रूपात असतं, ८ला जेमतेम पाव. तेव्हा नुसता क्लोरीनचा आकडा बघून भागत नाही.

असो. पेलिनच्या गुलाबी रंगातही एक बग आहेच. क्लोरीन फारच वाढलं, लिटरला साधारण १० मिलिग्रॅमच्या पुढे, की ते रंगालाच ब्लीच करून टाकतं. नळी स्वच्छ पांढरी! किट म्हणतं शून्य, म्हणून माणूस आणखी क्लोरीन ओततो. पोहणाऱ्याचे डोळे मात्र चुरचुरून लाल.

म्हणून थेंब टाकल्यावर नजर हलवू नका. गुलाबी चमकून विरलं तर एक भाग तलावाचं पाणी, चार भाग डिस्टिल्ड वॉटर घ्या, परत टेस्ट करा आणि येईल त्या आकड्याला पाचने गुणा.