चोरघंटेची बखर

घर भाड्याचे असेपर्यंत माणसाला चोराची फारशी भीती वाटत नाही. स्वतःचे घर झाले, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर बसले, खिशात दमडी उरली नाही, की मग मात्र आपल्याला कुणीतरी लुटणार अशी शंका त्याला रात्री दोन वाजता छळू लागते. खरे पाहता त्या घटकेला त्याच्या घरातून नेण्यासारखी एकच वजनदार वस्तू असते, ती म्हणजे कर्जाची फाईल. ती कुणी नेलीच तर त्या चोराचे पाय धुवून पाणी प्यावे. पण भीतीला तर्कशास्त्र शिकवायला अजून कुणी मास्तर जन्माला आलेला नाही.

आम्ही कोलशेतला राहायला आलो आणि हाच आजार आम्हालाही जडला. कोलशेत म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठचे जुने आगरी-कोळ्यांचे गाव. मध्यंतरी तिथे रासायनिक कारखान्यांची धुराडी उभी राहिली, पुढे धुराडी गेली आणि त्यांच्याहून उंच इमारती आल्या. त्यातल्या एकीच्या चौदाव्या मजल्यावर आम्ही आहोत. शेजारी भारतीय हवाई दलाचे ठाणे आहे. म्हणजे आकाशातून येणाऱ्या शत्रूची चिंता सरकारने वाहिली होती. लिफ्टने येणाऱ्याची तेवढी आमच्याकडे होती.

खरा प्रश्न आईचा होता. आम्ही दोघे सकाळी आठला बाहेर पडणार, चिरंजीव कॉलेजात, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई दिवसभर एकटी. डोंबिवलीच्या ज्या चाळीत तिची पन्नास वर्षे गेली, तिथे दिवसा दार लावणे म्हणजे घरात भांडण झाल्याची जाहीर सूचना असे. इथे चौदाव्या मजल्यावर चार दारे, चारही बंद, आणि चारही दारांना एकेक काचेचा डोळा. "अरे, इथे माणसं राहतात ना नक्की?" आईने पहिल्याच दिवशी विचारले.

सौ. म्हणाल्या, "अहो, ते अलार्मचं काहीतरी बघा. फार महागडं नको, पण बघा."

'फार महागडे नको, पण बघा' या आज्ञेवर मध्यमवर्गाचा सगळा संसार उभा आहे. मी बघायला लागलो.

पहिला आला तो एक टाय लावलेला तरुण. त्याने टेबलावर कॅटलॉग उलगडले. दाराला सेन्सर, खिडकीला सेन्सर, हॉलमध्ये माणसाची ऊब ओळखणारा सेन्सर, शिवाय भोंगा, कॅमेरा आणि मोबाइलवर निरोप. "काका, अगदी लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे. आणि सेफ्टीला प्राइस नसते."

"असते की. चौथ्या पानावर छापली आहे," मी म्हणालो. सत्तेचाळीस हजार होती.

आता हा लेटेस्टपणा मी जरा तपासून पाहिला, आणि वाचकहो, गंमत अशी की बोरीबंदरहून चौदा डब्यांत चारशे पाहुणे घेऊन पहिली आगगाडी आमच्या ठाण्याला आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि विजेवर वाजणाऱ्या चोरघंटेचे पेटंट अमेरिकेत निघाले ते २१ जून १८५३ रोजी. गाडीनंतर अवघ्या दोन महिन्यांनी! ते काढणारा गृहस्थ ऑगस्टस रसेल पोप हा बोस्टनजवळच्या सॉमरविल गावचा चक्क धर्मोपदेशक. 'चोरी करू नकोस' ही आज्ञा लोकांना वर्षानुवर्षे सांगून झाल्यावर त्याने बॅटरी आणि तार हाती घेतली, यातच उपदेशाचा काय परिणाम होतो ते आले. युक्ती साधी होती. दार उघडले की दोन तारा जुळायच्या, विजेचे मंडल पुरे व्हायचे आणि विद्युत्-चुंबक हातोडीला नाचवून घंटा बडवायचा. खरी खुबी पुढेच होती. चोराने घाबरून दार पुन्हा लावले तरी घंटा थांबत नसे. १८५७ साली एडविन होम्स नावाच्या व्यापाऱ्याने हे हक्क विकत घेतले आणि १८५९ साली धंदा न्यूयॉर्कला नेला. चोर जिथे जास्त तिथे घंटेला गिऱ्हाईक जास्त, हे त्याला बरोबर कळले असावे.

आणि कॅमेरा? तोही काही परवाचा नव्हे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची परिचारिका राहत असे. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा विचित्र, वस्ती भीतीची आणि पोलीस येणार सावकाश. तेव्हा या बाईने नवऱ्याच्या मदतीने दाराला सरकता कॅमेरा, आत पडदा, बोलायला मायक्रोफोन आणि दार उघडायला बटण अशी योजना आखली. १९६६ साली अर्ज केला, १९६९ साली पेटंट मिळाले. एकट्या बाईची भीती हीच या शोधाची आई. हे वाचल्यावर मात्र मी कॅटलॉगकडे जरा आदराने पाहिले.

पण विजेच्या आधी लोक काय करीत होते? कौटिल्याने अर्थशास्त्रात राजवाड्यासाठी पोपट, साळुंक्या बाळगायला सांगितले आहे. साप किंवा विष असल्याचा संशय येताच ते ओरडतात म्हणे. रोममध्ये ख्रिस्तपूर्व ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्री टेकडी चढून आले तेव्हा कुत्री गप्प राहिली आणि देवळातल्या हंसांनी कलकलाट करून पहारेकरी उठवले, अशी कथा तिथला इतिहासकार लिव्ही सांगतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण हंस घेऊ या. बाल्कनीत मावतील." सोसायटीच्या नियमावलीत हंसांविषयी काही नाही, पण कुत्र्यांविषयीच अकरा कलमे आहेत, तेव्हा तो विचार सोडला.

सगळ्यांत स्वस्त चोरघंटा संस्कृत नाटकात सापडली. 'मृच्छकटिका'तला शर्विलक हा चोर म्हणजे मोठा शास्त्री माणूस. भिंतीला भोक पाडण्याचे सात आकार त्याला पाठ. माप घ्यायची दोरी विसरला म्हणून जानव्याने मोजतो. असा हा निष्णात कलावंत आतले जुने दार उघडताना मात्र थबकतो आणि बिजागरी करकरू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडतो. तात्पर्य, करकरणारे दार हा चोरघंटेचा मूळपुरुष होय. सौ.ना मी लगेच बजावले, की यापुढे आपल्या बिजागऱ्यांना तेल घालायचे नाही. पण नव्या घराची दारे अशी मऊ, की चोरच काय, वारा येऊन गेला तरी कळत नाही.

आपल्या मुलखाची तऱ्हा याहून निराळी. पूर्वी आपल्या गावात जागल्या असे, बऱ्याच ठिकाणी तो रामोशी असे. चोरी झाली की त्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग गावाच्या शिवेपलीकडे गेला, की तो पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. मग ती जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच हद्दीत हरवला, तर भरपाईची वेळ जागल्यावर किंवा गावावर यायची. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यावर, १८१९ साली, आपल्या अहवालात ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. जरा विचार करा, तुमच्याकडे चोरी झाली तर शेजाऱ्याला भरपाई! असा नियम आजच्या सोसायट्यांत आला, तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसेल.

शहरात कुठला माग आणि कुठला जागल्या? मुंबईत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या वाचून आर्देशीर गोदरेज या वकिली सोडलेल्या तरुणाने १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला. पुढे तिजोऱ्या आल्या, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या विक्रोळीला तयार झाल्या, १९५४ साली 'नवताल' आले. आमच्या चाळीत त्याचे कौतुक एवढे, की लोक घर उघडे टाकून फक्त कपाटाला कुलूप लावीत.

आता राहिले खुद्द ठाणे. ठाण्याच्या बंदोबस्ताची खरी परीक्षा झाली ती १८१६ साली. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याला, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या पंढरपूरला झालेल्या खुनाच्या प्रकरणात, इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात डांबले होते. आज जिथे ठाण्याचा तुरुंग आहे तोच हा किल्ला. एतद्देशीय शिपाई फितूर होतील म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. याहून कडक बंदोबस्त तो काय असणार! पण एका साहेबाच्या पदरी एक मराठी मोतद्दार होता. घोडा फिरवण्याच्या निमित्ताने तो खिडकीखालून जाई आणि मराठीत गाणी म्हणे. सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यांत. गोरे शिपाई मजेत ऐकत उभे. १२ सप्टेंबरच्या संध्याकाळी शौचाचे निमित्त करून त्र्यंबकजी गेला, भिंतीच्या भोकातून बाहेर पडला आणि पसार झाला. या बंदोबस्तामागे पुण्याचा रेसिडेंट म्हणून होता कोण, तर तोच जागल्यांचे वर्णन करणारा एल्फिन्स्टन. पहारेकऱ्यांना कान होते, बंदुका होत्या, निष्ठाही होती. मराठी तेवढे येत नव्हते.

ही गोष्ट डोक्यात असतानाच टायवाल्या तरुणाने आपले यंत्र सुरू करून दाखवले. आतून एक अमेरिकन बाई बोलली, "मोशन डिटेक्टेड."

"ही काय म्हणते?" आईने विचारले.

"कुणीतरी हललं असं म्हणते."

"मीच हलले. त्यात सांगायचं काय एवढं?"

सत्तेचाळीस हजारांचा विषय तिथेच संपला. अखेर आम्ही मुख्य दारापुरता लोहचुंबकाचा साधा अलार्म आणला, दोनशे चाळीस रुपयांचा. दाराला चुंबक, चौकटीला डबी. डबीत काचेची नळी, नळीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक जवळ असेतो पट्ट्या चिकटलेल्या. दार उघडून चुंबक लांब गेला की पट्ट्या सुटतात आणि डबी जी किंचाळते ती चाळीतल्या नळावरच्या भांडणाची आठवण करून देते. ऊब ओळखणारा सेन्सर मी मुद्दामच टाळला. त्याच्या डोळ्यावरून पाल फिरली तरी तो तिला दरोडेखोर ठरवतो असे जाणकार सांगतात. रात्री झोपताना आईने बटण दाबायचे, सकाळी दूध घेण्यापूर्वी बंद करायचे, असे ठरले.

या सगळ्या संशोधनाच्या काळात आईने आपला निराळाच उद्योग चालवला होता. "तुम्ही चोरांचा अभ्यास करा, मी शेजाऱ्यांचा करते," असे म्हणून तिने पहिल्या आठवड्यातच समोरच्या काचेच्या डोळ्यावर टकटक केली. त्यातून कारवारच्या एक काकू निघाल्या. तांदळाच्या खिरीची एक वाटी गेली, सोलकढीचा तांब्या आला आणि पंधराव्या दिवशी आमच्या घराची दुसरी किल्ली काकूंच्या खुंटीवर गेली. "अहो, किल्ली दिली त्यांनी परक्यांना!" सौ. हळूच म्हणाल्या. एवढा इतिहास वाचून झाल्यावर मलाही ते जरा धाडसाचेच वाटले.

पुढे आम्ही तिघे एका लग्नासाठी साताऱ्याला गेलो. आई राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला काकूंनी दार उघडले तर आमच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली. आई साडेसहाला दूध आत घेते, हे काकूंना पाठ. बेल वाजवली. उत्तर नाही. काकूंनी किल्ली फिरवली आणि दार ढकलले, तोच आमची दोनशे चाळीस रुपयांची डबी जिवाच्या आकांताने किंचाळली! आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होती, घामाने चिंब, उठण्याचे त्राण नाही. साखर उतरली होती. काकूंनी आधी साखरपाणी पाजले, मग फोन केले. तेवढ्यात उरलेल्या दोन दारांतली माणसे धावत आली. सहा महिने एका मजल्यावर राहून त्यांची एकमेकांशी ओळख त्या दिवशी झाली. आईचे पहिले शब्द होते, "आधी तो भोंगा बंद करा कुणीतरी."

डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होते.

यात डबीचा काही दोष नाही. बाहेरून कोण आत येतो एवढेच तिला कळते, आतून कोण बाहेर आले नाही हे तिला कुणी शिकवलेले नाही. ते दुधाच्या पिशवीला कळले, कारण तिच्याकडे रोज बघणारे कुणीतरी होते. डबी अजून दाराला आहे; आई रोज रात्री इमानाने बटण दाबते. आता उरलेल्या दोन्ही घरांच्या किल्ल्या आमच्या खुंटीवर आहेत, आणि सकाळी साडेसहाला चारही दारांतून चार डोकी बाहेर येऊन एकमेकांच्या कड्या बघतात. जागल्याची पद्धतच ती, फक्त पावलांऐवजी पिशव्यांचा माग.

परवडणाऱ्या चोरघंटेची चौकशी करणाऱ्यांसाठी खर्चाचा तपशील देऊन ठेवतो: डबी दोनशे चाळीस रुपये, दुसरी किल्ली साठ रुपये, खीर घरची.