व्हिएन्नातल्या बायकांची न संपणारी यादी



गावात रस्ता आला की आपण म्हणतो, चला, विकास झाला. पण तो बहुतेक वेळा फाट्यावरून येतो, गाडीसाठी. शाळा, रेशन दुकान, दवाखाना, शेत इथे पायी जाणारीच्या वाटेवर चिखल तसाच. ही तक्रार फक्त खेड्यातली नाही. ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना, तिथल्या बायकांचंही हेच होतं.

१९९१ साली एफा काइल या नगररचनाकार बाईंनी आणि त्यांच्या सोबतिणींनी तिथे फोटोंचं प्रदर्शन भरवलं. आठ बायका-मुलींचा रोजचा दिवस, एवढंच त्यात होतं. कोण कुठे जाते, कुठे अडते. बघायला चार हजार माणसं आली! आकडे जुळवले तर दिसलं, मोटारीच्या तीन फेऱ्यांतल्या दोन पुरुषांच्या आणि पायी तीन फेऱ्यांतल्या दोन बायकांच्या. पैसा मात्र मोटारींच्या रस्त्यांचा विचार करून खर्च होत होता. पुढच्याच वर्षी महापालिकेने बायकांच्या प्रश्नांसाठी वेगळं कार्यालय उघडलं आणि काइलबाई तिथे काम बघू लागल्या.

मला सगळ्यात आवडते ती १९९९ ची गोष्ट. शहराच्या नवव्या विभागात लोकांना विचारलं, बस-रेल्वेने कधी आणि कशासाठी जाता? बहुतेक पुरुषांचा कागद पाच मिनिटांत भरून झाला. सकाळी कामाला, संध्याकाळी घरी. बायकांचं लिहिणं संपेना. पोराला डॉक्टरकडे न्यायचं, मग शाळेत सोडायचं, मग कामावर, येताना आईचा बाजार, मग घर. (आपल्याकडे दिला असता तर पुरवणी लागली असती.)

कागद वाचून कामं झाली. अंधाऱ्या गल्ल्यांत दिवे लागले, पदपथ रुंद झाले. एका मोठ्या जिन्याच्या मधोमध उतार बांधला, बाळाची गाडी ढकलत नेणारीसाठी आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी. यातलं एकही काम फार मोठं नाही. पण चालणारीला विचारल्याशिवाय ते सुचत नाही, मग इंजिनिअर कितीही शिकलेला असो.

आपल्याकडे तर विचारण्याची सोय कायद्यातच आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टरवरच्या सह्यांपुरती होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. सभा झाली तरी आपण ‘रस्ता पाहिजे’ एवढंच मोघम बोलतो आणि रस्ता पुन्हा फाट्यावरून येतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी गटाच्या बैठकीत प्रत्येकीने एका दिवसाचं चालणं सांगायचं. सकाळपासून कुठे गेले, डोक्यावर काय होतं, पाय कुठे घसरला, कुठून अंधारात यायला भीती वाटते. लिहिता येणारीने लिहून घ्यायचं. तो कागद महिला सभेत वाचायचा, ठरावात घालायला लावायचा आणि ठरावाची नक्कल ग्रामपंचायतीकडून मागून घ्यायची.